न सांगितलेली निवड



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून उन्हाळा आला की महाराष्ट्रात ठिकठिकाणी व्याख्यानांचे मंडप पडतात, आणि इतिहास, वाङ्मय, अर्थकारण, समाजसुधारणा अशा विषयांवर लोक ऐकावयास जमतात. अशा व्यासपीठावरून संगणकाच्या पोटातील एका खोडीविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. तंत्रज्ञांच्या भाषेत आजचा विषय असा आहे: लिनक्सवर आभासी यंत्रे चालविणारी अवजारे पुष्कळदा चुकीचा हायपरवायझर आपण होऊन धरतात, ते का, आणि त्यावर उपाय काय?

हे वाक्य ऐकून कोणी उठून जाऊ नये, अशी माझी विनंती आहे. त्यातील एकेक शब्द मी सोडवून सांगणार आहे. ते शब्द सुटले की आपल्या ध्यानात येईल, प्रश्न ओळखीचाच आहे. आपण काही सांगितले नाही म्हणजे निवड झालीच नाही, अशी आपली समजूत असते. वास्तविक निवड होतच असते. ती दुसरे कोणीतरी करते, आणि बहुधा आपणांस न कळवता करते.

प्रथम आभासी यंत्र म्हणजे काय ते पाहू. कार्तिकापासून आपल्या गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की दशावतारी मंडळी फिरू लागतात. रंगमंच एक, माणसे मोजकी, सामानाचा पेटारा एक. पण त्याच पेटाऱ्यातून रात्रभरात राजा निघतो, राक्षस निघतो, ऋषी निघतो, राणी निघते. लिहिलेली संहिता हाती नसते. कोणी कधी रंगमंचावर यावे, कोणाचा प्रसंग कोठे आवरावा, याचे सूत्र मात्र कोणाच्या तरी हाती असावे लागते. संगणकाचेही असेच करता येते. टेबलावर यंत्र एकच असते. त्याच्या पोटात दुसरे, तिसरे, चौथे यंत्र उभे करता येते. आतल्या प्रत्येक यंत्राला वाटते की, ही स्मृती, ही तबकडी, हा मेंदू सगळा आपलाच आहे. बाहेरच्याला यजमान यंत्र म्हणतात, आतल्याला पाहुणे यंत्र. आणि या सर्वांना वाटणी करून देणारा, एकाला दुसऱ्याच्या अंगावर जाऊ न देणारा जो कार्यक्रम असतो, त्याचे नाव हायपरवायझर. आपण आज त्याला सूत्रधार म्हणू.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील आयबीएम कंपनीने १९६० नंतरच्या दशकात आपल्या अवाढव्य यंत्रांवर हा प्रयोग केला, आणि १९७२ साली तो बाजारात रीतसर आणला. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हे स्वदेशी बनावटीचे यंत्र चालू झाले. त्या काळी यंत्र एक आणि वापरणारे अनेक, ही अडचण जगभर सारखीच होती. पुढे यंत्रे लहान आणि स्वस्त झाली, तेव्हा हा विचार मागे पडला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी तो पुन्हा वर आला. फॅब्रिस बेलार या फ्रेंच तंत्रज्ञाने २००३ साली क्यूएमू नावाचा कार्यक्रम लिहावयास घेतला. त्याच सुमारास केंब्रिज विद्यापीठातून झेन हा सूत्रधार बाहेर पडला. २००५ नंतर इंटेल आणि एएमडी या कंपन्यांनी आपल्या प्रोसेसरमध्येच या कामासाठी खास सोय ठेवली. तिचा लाभ घेणारा केव्हीएम हा सूत्रधार फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात सामील झाला. त्याच वर्षीच्या जानेवारीत एका जर्मन कंपनीने व्हर्च्युअलबॉक्स लोकांना खुला केला. तो आज ओरॅकल या कंपनीकडे आहे. झेन, केव्हीएम, व्हर्च्युअलबॉक्स असे अनेक सूत्रधार एकाच लिनक्सवर नांदू लागले, आणि त्यातून आजचा प्रश्न उपजला.

आता कोणी विचारील की, मोठ्या कारखान्यांचे आणि बँकांचे हे काम. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या वाचनालयाला, छापखान्याला किंवा पतसंस्थेला त्याचे काय? याचे उत्तर सरळ आहे. विंडोज १० या प्रणालीची सर्वसाधारण देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. पुढची प्रणाली जुन्या यंत्रांना आत घेत नाही. तिच्या अटी नव्या प्रोसेसरच्या आहेत. तेव्हा ज्या संस्थांपाशी जुनी पण धडधाकट यंत्रे आहेत, त्यांच्यापुढे दोन मार्ग उरतात. एक, यंत्र भंगारात घालणे. दुसरा, त्यावर फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली बसविणे. दुसरा मार्ग काटकसरीचा आहे, आणि शहाणपणाचाही आहे.

परंतु त्यात एक मेख आहे. देवनागरीला जागतिक संकेतावलीत, म्हणजे युनिकोडमध्ये, १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत स्थान मिळाले. तरी मराठी छापखान्यांतून आणि कचेऱ्यांतून पुढे कित्येक वर्षे श्रीलिपी, आकृती, आयएसएम असल्या जुन्या पद्धतींनीच टंकन होत राहिले. त्या जुन्या फायलींत 'क' हे अक्षर 'क' म्हणून साठविलेले नसते. तेथे एखाद्या इंग्रजी अक्षराचा किंवा खुणेचा अंक असतो, आणि त्यावर मराठी आकाराचा अंगरखा चढविलेला असतो. अंगरखा काढला की निरर्थक खुणांची रांग उरते. गावच्या नियतकालिकांचे अंक, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, देवस्थानचे हिशेब, ग्रंथालयाची सूची असा पुष्कळ मजकूर या अवस्थेत पडून आहे. तो नीट उघडावयाचा तर जुना कार्यक्रम पाहिजे. जुन्या कार्यक्रमाला जुनी विंडोज पाहिजे. मग लिनक्सच्या यजमान यंत्रात जुन्या विंडोजचे एक पाहुणे यंत्र बसवावे, त्याला बाहेरच्या जाळ्यापासून तोडून ठेवावे, आणि जुनी कागदपत्रे त्याच्या आत जपावी, हा मार्ग सोयीचा ठरतो. अशा पाहुण्या यंत्राच्या पोटात एका गावाची वीस वर्षांची अक्षरे असू शकतात. म्हणून ते यंत्र कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न आपलाही आहे.

आता राहिला 'डीफॉल्ट' हा शब्द. संगणकाच्या मराठी भाषांतरांतून त्यासाठी 'पूर्वनिर्धारित' हा शब्द वापरतात. शब्द भारदस्त आहे, पण त्यावरून असे वाटते की, कोणी जाणत्याने बसून, विचार करून, आपल्यासाठी हे आधीच ठरविले आहे. पुष्कळदा तसे काही झालेले नसते. मी त्याला 'अनुक्त निवड' म्हणेन. अनुक्त म्हणजे न बोललेली. तिचे सामर्थ्य केवढे असते ते पाहण्यास संगणकाची गरज नाही. पोर्तुगीज नागरी कायद्याच्या परंपरेतून आलेला कौटुंबिक कायदा गोव्यात आजही चालतो. विवाहापूर्वी वधूवरांनी करार करून दुसरी पद्धत स्वीकारली नाही, तर तेथे दोघांची मालमत्ता सामाईक धरली जाते. तेरेखोलच्या अलीकडे, आपल्या बाजूला, हिंदू दांपत्याच्या बाबतीत केवळ विवाहाने अशी सामाईक मालकी उत्पन्न होत नाही. दोन्हीकडच्या दांपत्यांनी तोंडातून शब्द काढलेला नाही. मौन एकच, आणि परिणाम दोन. मधली खाडी ओलांडली की मौनाचा अर्थ बदलतो. एवढे ध्यानात ठेवून आपण पुन्हा संगणकाकडे वळू.

समजा, किनाऱ्यावरच्या एखाद्या गावात एक छापखाना आहे. तेथील जुन्या यंत्रावर कोणा जाणकाराने लिनक्स बसविली, आत जुन्या विंडोजचे पाहुणे यंत्र उभे केले, आणि तो मुंबईस निघून गेला. आता छापखान्यातला मुलगा ते चालवू पाहतो. त्याच्यापुढे कोणकोणते प्रसंग येऊ शकतात?

पहिला प्रसंग यंत्र नाहीसे होण्याचा. लिनक्सवर या सूत्रधारांशी बोलण्यासाठी लिबव्हर्ट नावाचा एक मध्यस्थ आहे. रेड हॅट या कंपनीतील मंडळींनी तो २००५ च्या सुमारास सुरू केला. सूत्रधार कोणताही असो, त्याच्याशी एकाच भाषेत बोलता यावे, हा त्याचा हेतू. कोणाशी बोलावयाचे हे आपण सांगितले, तर तो निमूटपणे तेथे जातो. आपण सांगितले नाही, तर तो तीन पायऱ्यांनी ठरवितो. चालू सत्रात त्यासाठी काही सूचना लिहून ठेवली आहे काय, हे आधी पाहतो. नसल्यास वापरणाऱ्याच्या व्यवस्थेच्या फायलीत काही नोंद आहे काय, हे पाहतो. तेथेही काही नसले, तर एकेका सूत्रधाराचे दार ठोठावीत जातो आणि जे पहिले उघडेल तेथे शिरतो. एके काळी तर रिकाम्या पत्त्याचा अर्थ 'झेन' असाच घेतला जाई.

पहिले उघडणारे दार हेच आपले दार असेल, असे समजणे धोक्याचे आहे. मालवणच्या लोकांना हे निराळे सांगावयास नको. १६६४ साली ज्याचे बांधकाम सुरू झाले त्या सिंधुदुर्गाचा महादरवाजा तटाच्या वळणात असा लपविला आहे की, समुद्रावरून येणाऱ्या नवख्याला तो दिसत नाही. तेथे जावयाचे तर खडकांतली वाट ठाऊक असलेला नावाडी लागतो. समोर मोकळे दिसणारे पाणी आणि सुरक्षित वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लिबव्हर्टच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. एकाच केव्हीएम सूत्रधारापाशी जाण्याचे दोन पत्ते आहेत. एका पत्त्यावर सगळ्या यंत्राची सामाईक वही असते. तिला 'सिस्टम' म्हणतात. दुसऱ्या पत्त्यावर ज्या त्या वापरणाऱ्याची खाजगी वही असते. तिला 'सेशन' म्हणतात. यंत्रे उभी करावयाचे व्हर्ट-मॅनेजर नावाचे खिडक्यांचे अवजार सहसा सामाईक वही उघडते. जीनोम बॉक्सेस नावाचे तसेच दुसरे अवजार खाजगी वही उघडते. आणि व्हर्श नावाची लेखी आज्ञा साध्या वापरणाऱ्याने, काही न सांगता दिली, तर ती सहसा खाजगी वही उघडते. मग काय होते? जाणकाराने पाहुणे यंत्र सामाईक वहीत नोंदविले होते. मुलगा यादी मागतो, आणि पडद्यावर रिकामी यादी येते. मथळा आहे, खाली एकही ओळ नाही. चुकल्याचा संदेश नाही, इशारा नाही. अवजाराने खोटे काही सांगितलेले नाही. विचारलेल्या वहीत खरोखरच काही नाही. पण मुलगा त्यातून निष्कर्ष काढतो की, वीस वर्षांची अक्षरे गेली.

या प्रसंगातली खरी हानी पुढेच आहे. यंत्र गेलेच आहे अशी खात्री झालेला मनुष्य नवे यंत्र उभे करू लागतो. जागा पुरत नाही. मग तो तबकडी चाळतो, आणि कशाची तरी एक अवाढव्य फाईल सापडते, जिचा उपयोग त्याला कळत नाही. ती पुसावी असे त्याच्या मनात येते. ती फाईल म्हणजेच ते पाहुणे यंत्र असते. चुकीच्या निवडीने काहीच गमावलेले नव्हते. त्या निवडीवर विश्वास ठेवल्याने सर्व गमावले जाते.

दुसरा प्रसंग यंत्र मंदावण्याचा. क्यूएमू हा कार्यक्रम दोन प्रकारे काम करू शकतो. केव्हीएमचा हात धरला, तर पाहुण्याच्या आज्ञा थेट खऱ्या प्रोसेसरवर चालतात, आणि वेग जवळजवळ यजमानाइतकाच राहतो. हात धरला नाही, तर तो पाहुण्याच्या आज्ञांचे भाषांतर करीत बसतो. हे भाषांतर मोठ्या हिकमतीचे असते. एका जातीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेला कार्यक्रम दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरवर चालविता येतो तो त्यामुळेच. पण त्याने काम कित्येक पटींनी मंदावते. आणि केव्हीएम वापर असे स्पष्ट सांगितले नाही, तर मूळ क्यूएमूची अनुक्त निवड हे भाषांतरच आहे. व्हर्ट-मॅनेजरसारखी अवजारे केव्हीएम सापडल्यास तो धरतात. पण यंत्राच्या मूळ व्यवस्थेत, म्हणजे बायॉसमध्ये, ती खास सोय बंद ठेवलेली असेल, तर ती भाषांतराकडे वळतात. वळताना एखाद्या ओळीचा इशारा देतात. तो किती जण वाचतात?

याचा परिणाम असा की, छापखान्यातला मुलगा म्हणतो, यंत्र जुने झाले. महाविद्यालयातला विद्यार्थी म्हणतो, माझ्या लॅपटॉपला हे झेपत नाही. कर्ज काढून नवे यंत्र घेतले जाते. प्रत्यक्षात जुन्या यंत्राच्या अंगी बळ होते. त्याला हाक मारली गेली नव्हती. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याला या चुकीची किंमत जाणवत नाही. ज्याने चार घरी मागून जुने यंत्र मिळविले आहे, त्याच्या शिक्षणाचा मार्ग यामुळे बंद होऊ शकतो. म्हणून या बारीक गोष्टीला मी बारीक मानीत नाही.

तिसरा प्रसंग विद्यार्थ्यांच्या आणि कार्यक्रम लिहिणाऱ्यांच्या ओळखीचा. व्हेग्रंट नावाचे एक अवजार २०१० साली निघाले. कोणत्या जातीचे पाहुणे यंत्र पाहिजे त्याचे टिपण एका फाईलीत लिहावे, आणि एका आज्ञेसरशी ते उभे राहावे, अशी त्याची रचना. पहिल्यापासून ते व्हर्च्युअलबॉक्सशी बांधलेले होते. २०१३ साली त्यात इतर सूत्रधारांना जागा झाली, तरी काही न सांगितल्यास व्हर्च्युअलबॉक्स, ही रीत कायम राहिली. पुढे २०१५ साली फेडोरा या लिनक्सच्या प्रकाराने व्हेग्रंट आपल्या भांडारात घेतले, आणि तेथे मात्र अनुक्त निवड लिबव्हर्टची ठेवली. याला कारण होते. व्हर्च्युअलबॉक्सचे जे भाग लिनक्सच्या गाभ्याला जोडावे लागतात, ते त्या गाभ्याच्या मूळ झाडाचा भाग नाहीत. केव्हीएम मात्र तेथलाच आहे.

आता चमत्कार पाहा. अवजाराचे नाव तेच, आज्ञा तीच, टिपणही तेच. पण शिक्षकाने व्हेग्रंट मूळ ठिकाणाहून आणले आणि विद्यार्थ्याने फेडोराच्या भांडारातून, तर एकाच्या यंत्रावर एक सूत्रधार जागा होतो आणि दुसऱ्याच्या यंत्रावर दुसरा. एकासाठी बांधलेली यंत्राची पेटी दुसऱ्याला चालत नाही. विद्यार्थ्याला संदेश येतो की, अशी पेटी सापडत नाही. तो समजतो, आपण आज्ञा चुकीची लिहिली. शिक्षक समजतो, मुलाने ऐकले नाही. वास्तविक दोघांमध्ये तेरेखोलची खाडी आहे. मौन एकच, अलीकडे एक अर्थ, पलीकडे दुसरा.

चौथा प्रसंग सर्वांत अलीकडचा. प्रोसेसरमधील ती खास सोय एका वेळी एकाच सूत्रधाराच्या हाती राहू शकते. केव्हीएम आणि व्हर्च्युअलबॉक्स दोन्ही एकाच घरी असले तरी, पूर्वी भांडण सहसा होत नसे. कारण केव्हीएम आपले पहिले पाहुणे यंत्र सुरू होईपर्यंत ती सोय हातात घेत नसे. नोव्हेंबर २०२४ मध्ये लिनक्सच्या गाभ्याची ६.१२ ही आवृत्ती आली, आणि इंटेल व एएमडीच्या यंत्रांवर ही रीत बदलली. केव्हीएमचा भाग गाभ्यात चढला की, पाहुणा असो वा नसो, तो ती सोय धरून बसू लागला. पाहुणे यंत्र सुरू होताना लागणारा विलंब त्यामुळे वाचतो. तेव्हा बदल निष्कारण झाला, असे म्हणता येणार नाही. पण कालपर्यंत चालणारे व्हर्च्युअलबॉक्स आज अडून बसले, असा अनुभव त्यामुळे पुष्कळांना आला. त्यांनी व्हर्च्युअलबॉक्समध्ये काही बदलले नव्हते, केव्हीएम तर त्यांनी कधी वापरलेही नव्हते. रीत बदलली होती ती तिसऱ्याच ठिकाणी. केव्हीएमचा तो भाग उतरवून ठेवला, किंवा पूर्वीची रीत पाळण्याची सूचना गाभ्याला दिली, की दोघांचे पुन्हा जमते. पण त्यासाठी भांडण कोणाकोणाचे आहे, हे आधी कळावे लागते.

हे चार प्रसंग एकत्र ठेवले तर काय दिसते? यांतील एकही निवड मूर्खपणाची नव्हती. लिबव्हर्ट सुरू झाला तेव्हा केव्हीएम जन्मास यावयाचा होता. झेन हेच तेव्हाचे स्वाभाविक उत्तर होते. व्हेग्रंट निघाले तेव्हा फुकट मिळणारा, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालणारा व्हर्च्युअलबॉक्स धरणे शहाणपणाचेच होते. क्यूएमू मुळात भाषांतरासाठीच लिहिला गेला. प्रत्येक अनुक्त निवड ही कोणत्या तरी दिवशीच्या प्रश्नाचे बरोबर उत्तर असते. दिवस पुढे जातात, प्रश्न बदलतो, उत्तर मात्र जागचे हलत नाही. रीती अशाच जुन्या होतात, आणि समाजातल्या रीतींप्रमाणे याही कोणी विचारीपर्यंत चालू राहतात.

येथे एक आक्षेप निघेल. प्रत्येक वेळी अवजाराने वापरणाऱ्याला विचारावे, असे म्हणावयाचे काय? सामान्य मनुष्याला झेन आणि केव्हीएम यांतील भेद कोठून ठाऊक असणार? त्याला प्रश्न विचारून भंडावून सोडणे ही कसली सोय? हा आक्षेप रास्त आहे, आणि मी तो मानतो. अवजाराने निवड करावी. पण आपण काय निवडले, हे उघड बोलावे. जेथे यादी रिकामी येते, तेथे कोणत्या वहीत पाहिले याची एक ओळ वर असावी. मंद मार्गावर वळावे लागले, तर ते ठळक अक्षरांत सांगावे. लिबव्हर्टच्या संदेशांचे मराठी भाषांतर झालेले आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु जे वाक्य मुळात कोणत्याच भाषेत लिहिलेले नाही, त्याचे मराठी कोण करणार?

अवजारे लिहिणारे सुधारतील तेव्हा सुधारोत. वापरणाऱ्याने आजच पाळाव्या अशा चार चाली मी सांगतो.

पहिली चाल, निष्कर्षापूर्वी पत्ता विचारावा. यादी रिकामी दिसली की घाबरू नये. व्हर्शला 'यूआरआय' अशी आज्ञा दिली, तर तो आपण कोणाच्या दारात उभे आहोत, ते एका ओळीत सांगतो. मग दुसरा पत्ता स्पष्ट सांगून पुन्हा यादी मागावी. दोन्ही वह्या पाहिल्याखेरीज 'नाही' हा शब्द उच्चारू नये, आणि ओळख पटल्याखेरीज कोणतीही मोठी फाईल पुसू नये.

दुसरी चाल, मंदपणाचा दोष वयाला देण्यापूर्वी यंत्राची प्रकृती तपासावी. प्रोसेसरमध्ये ती सोय आहे काय, बायॉसमध्ये ती चालू आहे काय, आणि केव्हीएमला हात लावण्याची परवानगी आपल्याला आहे काय, हे तीन प्रश्न आहेत. जाणकाराला त्यांची उत्तरे काढण्यास फार वेळ लागत नाही. नवे यंत्र विकत घेण्यापूर्वी एवढी चौकशी प्रत्येक संस्थेने करावी.

तिसरी चाल, निवड एकदा करून लिहून ठेवावी. लिबव्हर्टच्या व्यवस्थेच्या फायलीत आपला पत्ता नोंदविता येतो. व्हेग्रंटला आज्ञेतच सूत्रधाराचे नाव सांगता येते, किंवा सत्राच्या सूचनेत ते कायमचे लिहिता येते. एकदा लिहिले की अवजाराला दारे ठोठावीत हिंडावे लागत नाही. शिक्षकांनी तर धड्याच्या पहिल्याच ओळीत सूत्रधाराचे नाव सांगावे. वर्गातल्या निम्म्या अडचणी तेथेच मिटतील.

चौथी चाल कागदाची आहे, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्या संस्थेने आपली जुनी अक्षरे पाहुण्या यंत्रात ठेवली आहेत, तिने एका साध्या कागदावर पुढील गोष्टी लिहून तो दप्तरात लावावा: पाहुण्या यंत्राचे नाव, त्याचा सूत्रधार, सामाईक वहीत नोंद आहे की खाजगी, त्याची फाईल कोठे ठेवली आहे, आणि तिची दुसरी प्रत कोणाकडे आहे. सूत्रधारागणिक या फाईलींचे साचे निराळे असतात. पण क्यूएमूबरोबर येणारे एक अवजार एका साच्यातून दुसऱ्या साच्यात त्यांचे रूपांतर करून देते. म्हणून सूत्रधार बदलावा लागला तरी अक्षरे बुडत नाहीत. बुडतात ती त्यांचा ठावठिकाणा एकाच माणसाच्या डोक्यात राहिला, आणि तो माणूस मुंबईच्या गाडीत बसला म्हणजे. आणि हे सर्व करीत असतानाच जुना मजकूर हळूहळू युनिकोडमध्ये आणावा. पाहुण्या यंत्रात त्याला आसरा मिळेल. कायमचे घर युनिकोडच आहे.

श्रोतेहो, आपल्या संस्थांतून वर्षानुवर्षे पुष्कळ गोष्टी कोणी न ठरविता चाललेल्या असतात. त्या चालल्या आहेत तोवर कोणी त्यांच्याकडे पाहत नाही. अडल्या की आपण दैवाला किंवा यंत्राच्या वयाला दोष देतो. संगणकाने एक उपकार केला आहे: येथे न सांगितलेली निवड कोणती झाली, हे एका आज्ञेने विचारता येते आणि एका ओळीने बदलता येते. व्यवहारातल्या फार थोड्या गोष्टी इतक्या सोप्या असतात. तेव्हा ज्यांच्या कपाटात, दप्तरात किंवा छापखान्यात असे जुने यंत्र आहे, त्यांनी या आठवड्यात ते उघडावे, ते कोणाच्या सूत्रावर चालते आहे हे विचारावे, आणि मिळालेले उत्तर कागदावर लिहून ठेवावे.